आज्जाच्या ट्रंकेतले चार माईक

पत्र: काका नमस्कार. मी निपाणीची. माझ्या आज्जाचं इथं लाऊडस्पीकर सर्व्हिसचं दुकान होतं, जत्रा, लग्नं, सप्ताह, सभा सगळीकडं त्यांचेच कर्णे असायचे. आज्जा जाऊन बरीच वर्षं झाली. आता घर पाडून नवीन बांधायचंय म्हणून माळा रिकामा केला तर पत्र्याच्या ट्रंकेत चार माईक सापडले, फोटो पाठवलेत. एक चकचकीत कवटीसारखा आहे त्यावर शुअर लिहिलंय, एक छोटा चपटा दोन्हीकडून जाळी असलेला रेस्लो, एक काळा प्लास्टिकचा ॲकोस आणि एक अहुजाचा बटणवाला. आज्जी म्हणते ५६-५७ साली सीमाप्रश्नाच्या सभांना तो चकचकीतच माईक होता. गोव्याचा एक अँटिकवाला बघून गेला, चारही मिळून १२ हजार म्हणतोय, त्यातले १० त्या चकचकीतचे आणि बाकी तीन भंगार म्हणून. रविवारी परत येणार आहे. भाऊ बेळगावात उद्यमबागला वर्कशॉपमध्ये आहे, तो म्हणतो आपण खोलून साफ करून नेटवर लाखात विकू. आई म्हणते चिंच लावून घासून शोकेसमध्ये ठेवू. काय करू?

उत्तर:

ताई, काका म्हणालात म्हणून हक्कानं सांगतो, रविवारी त्या माणसाला चहा पाजा आणि रिकाम्या हातानं परत पाठवा. तो फसवतोय असं मी म्हणत नाही, धंदा करणारा माणूस आहे, त्याला पुढं गिऱ्हाईक शोधायचं, एखादा बंद निघाला तर तोटा सोसायचा, तो कमीच बोलणार. पण आपल्याकडं नेमकं काय आहे हे तुम्हालाच अजून माहीत नाही, आणि पोत्याचं तोंड न उघडता तंबाखूचा सौदा कुणी करत नाही हे निपाणीकरांना मी सांगायला नको.

आणि दुसरं म्हणजे भावाला आजच फोन करा, तो सुट्टीला घरी यायच्या आत. एकही माईक खोलायचा नाही आणि वर्कशॉपमध्ये तर न्यायचाच नाही. यात त्याच्या हुशारीचा प्रश्नच नाही, प्रश्न तिथल्या हवेचा आहे. उद्यमबागच्या कुठल्याही शेडमध्ये टेबलावर हात फिरवला की काळी बोटं होतात, बिडाची बारीक पूड, ग्राइंडिंगचा भुगा, लेथचा बारीक कीस. या चारांपैकी निदान तिघांच्या आत जबरदस्त लोहचुंबक आहे. ती पूड एकदा चुंबकाच्या फटीत शिरली की ओढून बसते, मग फुंकून झटकून निघत नाही आणि आतला हलणारा भाग तिच्यावर घासायला लागतो, आवाज फाटतो. इतकी वर्षं ट्रंकेत सुखरूप राहिलेली वस्तू एका दुपारात खराब होते.

आता तो चपटा माईक, ज्याला तो अँटिकवाला भंगार म्हणाला. तुमचे फोटो बघून मी आधी त्याच्यावरच थांबलो. रेस्लो ही इंग्लंडची कंपनी आणि हा रिबन माईक आहे. इंग्लंडातल्या लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबमध्ये बीटल्स नावाचा प्रसिद्ध बँड सुरुवातीच्या काळात गायचा तेव्हाच्या फोटोत त्यांच्या तोंडासमोर ह्याच जातीचा माईक दिसतो, म्हणून आजही इंग्लंडात त्याला मागणी आहे. रिबन म्हणजे काय तर चुंबकाच्या दोन टोकांच्या मधे ॲल्युमिनियमची एक बारीक नागमोडी पट्टी लटकवलेली असते, जाडी काही मायक्रॉन, मिठाईवरचा वर्ख असतो ना तशी. आपण बोललो की हवेच्या लाटेनं ती पट्टी हलते, चुंबकाच्या क्षेत्रात हलली की तिच्यात इवलासा करंट तयार होतो, तोच आपला आवाज. त्यामुळं तो नाजूक किती ते समजून घ्या. आपल्याकडं माईक हातात आला की फूऽ फूऽ करायची सवय, टकटक करायची सवय. ह्याच्यावर तसली एक फुंकर म्हणजे रिबन ताणली किंवा तुटलीच.

मी स्वतः विशीत असताना असाच एक रिबन माईक हातात आला होता, एका भजनी मंडळाचा. जाळी काढली, आत धूळ दिसली, आणि अगदी सवयीनं फुंकर मारली. पट्टी माझ्या डोळ्यासमोर फाटून बाजूला झाली. तेव्हा इथं नवीन रिबन बसवून देणारा कुणी माहीत नव्हता, त्या लोकांना काय सांगायचं कळेना, मंडळातल्या म्हाताऱ्यांनी वर्गणी काढून घेतलेला माईक होता तो. आजही तो प्रसंग आठवला की पोटात कालवतं. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

तर ह्याला आडवा ठेवू नका, उभा ठेवा, आडवा ठेवला की वर्षानुवर्षं रिबन खाली लोंबते. स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, म्हणजे धूळही नको आणि वारंही नको. मल्टिमीटर लावू नका, बाकीच्या माईकला चालतो पण ह्याला मीटरमधला तो थोडासा करंटही रिबनला धक्का देऊ शकतो. आणि आजकालच्या मिक्सरवर ४८ व्होल्टचं फँटम पॉवरचं, म्हणजे केबलीतूनच माईकला वीज देणारं बटण असतं ते बंदच पाहिजे, कारण जुन्या केबलीत एखादी तार चुकीची जोडलेली असली की तो सगळा झटका रिबनवर जातो. जाळीच्या आत कापडाचे तुकडे दिसले तर ती चिंधी नव्हे हां, कंपनीनंच घातलेले पॅड आहेत, खर्ज कमीजास्त करायला. आपल्याकडच्या किती रिपेअरवाल्यांनी ते घाण म्हणून फेकून दिले असतील.

रिबन शाबूत आहे का हे न खोलता कसं कळणार, तर एखाद्या जाणत्या साऊंडवाल्याकडं बरोबर केबल लावून, आवाज आधी बारीक ठेवून, हातभर लांबून साधं बोलून बघा. पुढून आणि मागून सारखा आवाज आला पाहिजे आणि अगदी बाजूनं बोललं तर जवळजवळ गप्प. असं झालं तर समजा आत रिबन जिवंत आहे आणि हा तुमच्या ट्रंकेतला सगळ्यात मोलाचा माईक असू शकतो, मग चालू स्थितीतला रेस्लो तिकडं माझ्या बघण्यात शंभर ते दोनशे पौंडाच्या दरम्यान जातो. रिबन तुटलेली असली तरी भंगार नाही, नवीन रिबन बसवून देणारे लोक जगात आहेत, चुंबक आणि ट्रान्सफॉर्मर चांगला असला की काम होतं, भाव मात्र बराच उतरतो.

आता तो चकचकीत. त्याला लोक एल्विसचा, म्हणजे अमेरिकन गायक एल्विस प्रेस्लीचा माईक म्हणतात, नाव युनिडाइन, मॉडेल ५५. बेंजामिन बाउअर नावाच्या, शुअर ह्या अमेरिकन कंपनीच्या इंजिनिअरनं १९३९ साली काढला. त्याच्या आधी एका बाजूचाच आवाज घेणारा माईक पाहिजे असेल तर आत दोन वेगवेगळी युनिटं घालून जुळवाजुळव करायला लागायची, ह्यानं ते एकाच कॉइलच्या कॅप्सूलमध्ये, म्हणजे आवाज पकडणाऱ्या आतल्या एकाच डबीत जमवलं. आपल्या आज्जांसारख्या लोकांना ह्याचं मोल काय ते विचार करा की, सभेत स्टेजच्या दोन्ही अंगाला बांबूवर कर्णे बांधलेले, माईक सगळीकडचा आवाज घेणारा असला की भाषण सुरू व्हायच्या आधीच शिट्टी सुरू. युनिडाइन मागचा आवाज कमी घेतो म्हणून शिट्टी न येता आवाज वाढवता यायचा.

तुमच्या फोटोत माईकशेजारी स्टीलचा पेला आहे त्यावरून अंदाज घेतला, तुमचा लहान साइजचा आहे, म्हणजे ५५ एस. हा लहान आकार १९५१ ला आला, त्याच्या आधीचे मोठे, लोक फॅटबॉय म्हणतात ते. ह्याच्या नकला खंडीभर आहेत, चकाकी तीच, आत दीडदमडीची कॅप्सूल, आणि शुअरनं स्वतःही हा आकार नव्यानं काढलेला आहे, त्यामुळं चेहऱ्यावरून काहीच ठरत नाही. जाळीमागं निळा फोम दिसला तर तो सुपर ५५, अगदी अलीकडचा. तुमच्यात तसं नाही, मागं कोरलेली पाटी आहे आणि खाली आट्यांचा, फिरवून घट्ट करायचा अँफेनॉल कंपनीचा जुना कनेक्टर दिसतोय, हे चांगलं लक्षण आहे. तो कनेक्टर कुणी काढून एक्सएलआर हा आजकालच्या माईकचा कनेक्टर बसवायला सांगितला तर नको म्हणा, त्याच्या जोडीचा केबलचा तुकडा ट्रंकेत तळाशी कुठं पडलाय का बघा, तोही विकताना उपयोगाला येतो.

माझी खरी काळजी आतल्या कॅप्सूलची आहे. त्या काळात बाहेरचे पार्ट मिळायचे नाहीत, लायसन्सचा जमाना, कॉइल जळली की आपले मेकॅनिक जे हाताला लागेल ते आत बसवायचे आणि कार्यक्रम पार पाडायचे, त्यांना तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. म्हणून वरून शुअर आणि आतून भलतंच असे बरेच माईक मी बघितलेत, आणि तसं असलं तर किंमत निम्म्यावर येते. हेही बोलूनच तपासायचं, समोरून बोला, मग मागून बोला, मागून आवाज चांगलाच पडला पाहिजे. चारी बाजूंनी सारखाच येत असेल तर आत काहीतरी बदललंय असं धरा. आवाजच बारीक आला तर लगेच मेला म्हणू नका, ह्या माईकला लो, मीडियम, हाय अशी इंपिडन्सची, म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याची निवड असते, ती समोरच्या मशीनला जुळली नाही की आवाज दबका येतो. ह्याला मल्टिमीटर चालतो, पिनांच्या मधे काहीतरी रीडिंग आलं पाहिजे, काहीच नाही आलं तर आत तार तुटलीय.

आणि आईंना सांगा, चिंच नको, पितांबरी पण नको. आपली भांडी पितळेची असतात म्हणून चिंचेनं उजळतात, ह्याच्यावर क्रोमचा पातळ थर आहे, घासला की थर जातो आणि आंबट पाणी जाळीतून आत कॅप्सूलपर्यंत जातं. घेणारा माणूस जुना चट्टा, जुनी पाटी, अगदी आज्जांनी खिळ्यानं कोरलेलं नाव असलं तरी ते तसंच बघायला मागतो. कोरडं सुती फडकं आणि रंगाचा नवा मऊ ब्रश, एवढंच.

आज्जी सांगतात ती गोष्ट मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती तपासायला तुमच्या हातात एक साधन आहे. शुअर कंपनी आधी शिकागोत होती आणि १९५६ साली तिथून एव्हान्स्टनला गेली. पाटीवर कंपनीच्या नावाखाली गावाचं नाव असतं. शिकागो असेल तर माईक ५१ ते ५६ च्या मधला, एव्हान्स्टन असेल तर ५६ च्या नंतरचा. आणि आपल्याकडं १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, निपाणी म्हैसूर राज्यात घातलं, सभा पेटल्या त्या त्याच्या आगेमागे. म्हणजे शिकागो निघालं तर आज्जींची आठवण वर्षांच्या हिशोबात बसते. एव्हान्स्टन निघालं तर आज्जी खोटं बोलतात असं नाही हं, अमेरिकेतून बोटीनं मुंबई आणि तिथून निपाणी एवढ्या प्रवासाला वेळ लागणारच, तेव्हा ५६ च्या सभेत तो नसणार पण पुढच्या वर्षांतल्या सभांत असू शकतो, माणसाच्या आठवणीत दोन-चार वर्षं पुढंमागं होतात. तुमच्या फोटोत नेमकी तीच ओळ मळानं झाकलीय.

ॲकोस लवकर उरकतो. तो क्रिस्टल माईक, इंग्लंडच्या कॉस्मोकॉर्डचा, टेपरेकॉर्डरबरोबर वगैरे खूप यायचे. आत रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो आणि नावाप्रमाणं ते मीठच आहे, दमट हवा आणि उन्हाळ्यात तापणारा पत्र्याखालचा माळा दोन्ही त्याला सोसत नाही. ट्रंकेत इतके पावसाळे काढल्यावर तो बहुतेक गेलेला असणार. मीटरवर काहीच रीडिंग नाही म्हणून गेला असं मात्र कुणी म्हणालं तर ऐकू नका, क्रिस्टल चांगला असतानाही मीटर काहीच दाखवत नाही, अँप्लिफायरला लावूनच कळतं. पैसे म्हणाल तर फार नाहीत. अहुजाचा तर आजही कुठल्याही मांडवात तसलाच दिसतो, दोन-चारशे रुपयांच्या पुढं कुणी देणार नाही, तो विकूच नका असं मला वाटतं. शुअर आज्जांनी मोठ्या सभेला काढला असेल, रोजच्या लग्नाला, हरिपाठाला अहुजाच गेला असणार, त्याच्या बटणावरचा रंग बोटानं झिजलाय तो त्यांच्याच बोटानं झिजलाय.

भावाचं लाखाचं म्हणणं कुठून आलं तेही मला माहीत आहे. नेटवर नॉयमन ह्या जर्मन कंपनीचा यू ४७ दिसतो, १९४९ पासूनचा, आत व्हीएफ १४ नावाचा व्हॉल्व्ह ज्याचं मूळ उत्पादन कधीच बंद झालंय, किंवा अमेरिकेचा आरसीए ४४ रिबन, हे रेडिओ स्टेशन आणि रेकॉर्डिंग स्टुडिओचे माईक, ते खरंच लाखात जातात. सभेतल्या, मांडवातल्या माईकचा बाजार वेगळा आहे. शुअर ५५ एस चालू आणि आतून ओरिजनल असला तर तिकडं साधारण १०० ते २०० डॉलर. म्हणजे शुअर आणि रेस्लो दोन्ही धड निघाले तर १२ हजारात चारही देणं हा तुमचा तोटा आहे, आणि दोन्ही आतून गेलेले निघाले तर तो माणूस वाईट भाव देत नव्हता. हे दोन्ही मनात धरून बसा म्हणजे घरात भांडण होणार नाही. भाव बघताना कुणी काय मागितलंय ते बघू नका, मागायला काय कुणीही पाच लाख मागतो, ईबे आणि रिव्हर्ब ह्या नेटवरच्या बाजारांत विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव वेगळे दिसतात ते बघा, आणि एकच बघू नका, निदान दहा बघा, चालू किती आणि बंद किती. परदेशात पाठवायला कायद्याची अडचण येईल असं कुणी घाबरवलं तर १९७२ चा पुरावस्तू कायदा साधारण शंभर वर्षांच्या पुढच्या वस्तूंना लागतो, हे माईक त्यात येत नाहीत.

आता मला तुम्हाला एक विचारायचंय. ट्रंकेत किंवा दुकानाच्या जुन्या कागदात ऑर्डरची वही सापडली का? लाऊडस्पीकरवाल्यांची वही असायचीच, तारीख, गाव, कार्यक्रम कुठला, कर्णे किती, माईक किती, ॲडव्हान्स किती. घर पाडताना असली वही पहिली रद्दीत जाते. त्या वहीत ५६-५७ च्या सभेची एक नोंद निघाली, किंवा घरात एखादा जुना फोटो निघाला ज्यात वक्त्याच्या समोर हा माईक आहे आणि त्याच्या जाळीवर तोच पोचा आहे जो आज तुमच्या माईकवर उजव्या अंगाला आहे, तर आज्जींच्या सांगण्याला पुरावा झाला. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला निपाणीची सभा काय माहीत, तो त्याचे जास्त पैसे देणार नाही, हे आधीच सांगतो. पण इथल्या माणसाला, इथल्या वाचनालयाला, पुढं कुणी सीमाभागाचा इतिहास लिहील त्याला ती वही आणि तो माईक एकत्र असणं फार मोठी गोष्ट आहे. माझं मत विचाराल तर रेस्लो विका, कारण तो वापरणाऱ्याच्या हातात गेला तर परत गाईल, तुमच्याकडं पिशवीत बसून राहील. शुअरचा निर्णय वही बघितल्यावर घ्या.

तोपर्यंत कोऱ्या ब्रशनं त्या पाटीवरची धूळ झाडा, खिडकीशी नेऊन माईक तिरका धरा म्हणजे बाजूच्या उजेडात कोरलेली अक्षरं उठून दिसतात, फोनचा फ्लॅश बंद ठेवा आणि त्या एका ओळीचा जवळून फोटो पाठवा. आणि तो माईक आज्जींच्या मांडीवर द्या, फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा की सभा कुठं होती, स्टेज कुठल्या तोंडाला होतं, कर्णे कशाला बांधले होते, आज्जा माईक कशात गुंडाळून न्यायचे. मधे बोलू नका, त्यांना सांगू द्या.